दुसऱ्या ओएसमधला कोड आपल्या ओएसमध्ये कसा आणावा

फ्रीबीएसडी ही युनिक्स वंशातली ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) चालवणाऱ्या लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर बहुधा मुळात लिनक्सचा असतो. दूरच्या मशीनवर लॉगिन करायला लिनक्स सर्व्हरवर रोज वापरला जाणारा ओपनएसएसएच ओपनबीएसडीत तयार होतो. अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत तिन्ही बीएसडींचा (फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी) कोड आहे. झेडएफएस ही फाइल सिस्टिम तर सोलारिसमधून बाहेर पडून आज लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन्हींसाठी एकाच रिपॉझिटरीतून बिल्ड होते.

असा कोड आणून पहिल्यांदा चालता करणं त्यामानाने सोपं असतं. सहा महिन्यांनी मूळ प्रकल्पात सुरक्षेची दुरुस्ती येते, तिचा पॅच आपल्या प्रतीवर लागत नाही, आणि कोणी काय का बदललं होतं हे कोणालाच आठवत नाही. अडचण तिथे येते. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दुसऱ्या अपडेटवर नजर ठेवून सांगितल्या आहेत.

कोड आणायचा, इंटरफेस, की फक्त कल्पना?

हा निर्णय पहिल्या दिवशी घ्या, कारण पुढचं सगळं काम त्यावर बदलतं.

कोड आणायचा म्हणजे फाइली जशाच्या तशा घ्यायच्या. परवाना सोबत येतो आणि मूळ प्रकल्पाशी कायमचं नातं जडतं. इंटरफेस आणायचा म्हणजे फंक्शनचं नाव, आर्ग्युमेंट्स आणि वागणूक तीच ठेवून आतला कोड स्वतः लिहायचा. ओपनबीएसडी ५.६ मध्ये २०१४ साली आलेलं रीअॅलॉकअॅरे हे मेमरी मागणारं फंक्शन जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीने २०१७ मध्ये २.२६ आवृत्तीत असंच घेतलं. कल्पना आणायची तर नावही बदलतं. फ्रीबीएसडीने २००० साली केक्यू हा अनेक सॉकेटांवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याचा इव्हेंट इंटरफेस दिला, तो नेटबीएसडी, ओपनबीएसडी आणि मॅकओएसने उचलला. लिनक्सने मात्र त्याच प्रश्नावर ईपोल हे स्वतःचं उत्तर काढलं.

शंका असेल तर इंटरफेस आणण्याकडे कल ठेवा. दोनशे ओळींच्या फंक्शनसाठी परक्या प्रकल्पाशी कायमचं बांधून घेण्यात अर्थ नसतो. ड्रायव्हर, फाइल सिस्टिम किंवा क्रिप्टो असेल तर उलट करा. तिथे पुन्हा लिहिणं म्हणजे दहा वर्षांत सुधारलेले दोष नव्याने करणं, त्यामुळे कोडच घ्या.

मूळ कुठलं ते नक्की करा

एकच ड्रायव्हर चार ठिकाणी सापडतो आणि चारही प्रतींत थोडा थोडा फरक असतो. तिसऱ्या हातातली प्रत घेतली तर मधल्या दोघांचे बदल आणि दोष आपल्या नावावर जमा होतात.

फाइलच्या पहिल्या पंधरा-वीस ओळी आधी वाचा. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीच्या फाइलींत आवृत्ती-नियंत्रणाचा टॅग असतो; फ्रीबीएसडीच्या फाइलींत तो २०२३ पर्यंत असे. त्यात डॉलर चिन्हांच्या मध्ये प्रकल्पाचं नाव, फाइल, आवृत्ती आणि तारीख दिलेली असते. ओपनबीएसडीतून फ्रीबीएसडीत गेलेल्या आयडब्ल्यूएम या वायफाय ड्रायव्हरच्या माथ्यावर ओपनबीएसडीचा टॅग तसाच ठेवलेला दिसतो, त्यामुळे कुठल्या दिवसाची प्रत घेतली हे एका ओळीत कळतं. हा टॅग कचरा समजून पुसू नका.

टॅग नसेल तर गिटचा इतिहास खणा. गिट लॉगला कॅपिटल एस हा पर्याय देऊन फाइलमधली एखादी विचित्र ओळ शोधा: टायपो असलेली कॉमेंट, नाहीतर कुठेच न आढळणारा स्थिरांक. ती ओळ पहिल्यांदा ज्या कमिटमध्ये आली, तिथे बहुधा मूळ नोंदवलेलं असतं. फ्रीबीएसडीच्या कमिट संदेशात तर कोड कुठून मिळवला यासाठी वेगळी ओळच असते. कॉपीराइटच्या ओळीही बोलक्या असतात. एका फाइलवर तीन नावं आणि तीन वेगवेगळी सालं असतील तर ती तीन टप्प्यांत वाढली आहे, आणि तिन्ही टप्प्यांचा परवाना तपासावा लागेल.

परवाना फाइलगणिक बघा, प्रकल्पागणिक नाही

बीएसडी, आयएससी किंवा एमआयटी परवान्याचा कोड लिनक्स कर्नलमध्ये (ओएसच्या गाभ्यात) जाऊ शकतो, अट एवढीच की कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर जसाच्या तसा राहिला पाहिजे. जीपीएलचा कोड बीएसडीच्या मूळ कर्नलमध्ये घेत नाहीत, कारण सगळ्या कर्नलच्या वाटपावर जीपीएलच्या अटी लागू होतात. झेडएफएसचा सीडीडीएल हा परवाना फाइलपुरता लागू होतो. फ्रीबीएसडीला त्यामुळे झेडएफएस वेगळ्या डिरेक्टरीत ठेवून घेता आलं. सीडीडीएल आणि जीपीएल यांच्या अटी एकमेकांत बसत नाहीत, म्हणून लिनक्सच्या मुख्य झाडात (अधिकृत सोर्स कोडमध्ये) ते आजही नाही, बाहेरचं मॉड्यूल म्हणून लावावं लागतं.

जुन्या बीएसडी फाइलींत जाहिरातीचं कलम असलेला चार कलमी परवाना सापडतो. मूळ बीएसडी जिथे लिहिली गेली त्या बर्कली विद्यापीठाने आपल्या कोडपुरतं ते कलम १९९९ साली रद्द केलं. बाकीच्या लेखकांच्या फाइलींना ती सवलत आपोआप लागू होत नाही आणि असा कोड जीपीएलबरोबर चालत नाही.

लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांत बहुतेक फाइली एमआयटी परवान्याच्या आहेत, म्हणूनच ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी त्या घेऊ शकतात. मात्र मधूनच एखादी जीपीएलची निघते. लिनक्समध्ये बऱ्याच फाइलींच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्स खूण (परवान्याचं ठरावीक छोटं नाव) असते. सगळ्या फाइलींवर ग्रेप चालवून खुणांची यादी काढा आणि जीपीएलच्या फाइली बाजूला काढून त्यांचं काय करायचं ते ठरवा. दुहेरी परवाना असेल तर सोपं जातं. इंटेलचा एसीपीआय (वीज आणि हार्डवेअर व्यवस्थापनाचा) कोड असा दुहेरी परवान्याचा आहे, म्हणून तो लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोघांकडे एकाच मूळातून जातो. फर्मवेअरच्या फाइलींचा परवाना ड्रायव्हरपेक्षा वेगळा असतो, तो स्वतंत्रपणे बघा.

इथली चूक दोन्ही बाजूंनी होते. २००७ साली ओपनबीएसडीच्या एका ब्रॉडकॉम वायफाय ड्रायव्हरमध्ये लिनक्सचा जीपीएल कोड आढळला आणि तो ड्रायव्हर काढून टाकावा लागला. त्याच वर्षी लिनक्सच्या बाजूने ओपनबीएसडीच्या अथेरॉस कोडवरचा आयएससी परवाना काढून फक्त जीपीएल लावणारे पॅच फिरले, आणि त्यावरून मोठा वाद झाला. परक्या फाइलवर आपला परवाना वाढवता येतो, तोही स्वतः भरीव काम केलं असेल तरच. आधीचा परवाना पुसता येत नाही.

फक्त कल्पना घेणार असाल तर मूळ कोड उघडूच नका. मॅन्युअल पान, हार्डवेअरची कागदपत्रं आणि चाचण्यांतून दिसणारी वागणूक एवढ्यावर लिहा. शक्य असेल तर एकाने कोड वाचून वर्णन लिहावं आणि दुसऱ्याने त्या वर्णनावरूनच कोड लिहावा.

पहिली कमिट: एक अक्षरही न बदलता

ही पायरी लोक सर्वांत जास्त वेळा गाळतात आणि नंतर सर्वांत जास्त पस्तावतात.

रिपॉझिटरीत व्हेंडर ब्रँच, म्हणजे फक्त मूळ प्रकल्पाच्या फाइली ठेवणारी शाखा, करा. तिच्यात मूळ फाइली जशा आहेत तशा टाका. इंडेंटेशन सुधारू नका, ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागाही राहू द्या. कमिट संदेशात मूळ रिपॉझिटरी, कमिटचा पूर्ण हॅश किंवा टॅग आणि तारीख लिहा, आणि त्या कमिटवर टॅग लावा. बिल्ड होत नाही, ते इथे चालतं. मग गिट सबट्री मर्जने ही ब्रँच मुख्य झाडातल्या ठरलेल्या डिरेक्टरीत आणा आणि आपले बदल पुढच्या कमिटांत करा. एका कमिटमध्ये एकच कारण असू द्या. फ्रीबीएसडी व्हेंडर ब्रँच आणि कॉन्ट्रिब डिरेक्टरी यांची हीच पद्धत वापरते.

असं केलं की आपण मूळात नेमकं काय बदललं, हे एका डिफमध्ये दिसतं. पुढची आवृत्ती आली की ती व्हेंडर ब्रँचवर टाकायची आणि पुन्हा मर्ज करायचं. संघर्ष (मर्ज कॉन्फ्लिक्ट) फक्त आपण हात लावलेल्या ओळींवर येतो. सुरुवातीलाच संपूर्ण फाइलला आपल्या शैलीचं फॉरमॅटिंग केलं, तर प्रत्येक ओळीवर संघर्ष येतो आणि तिसऱ्या अपडेटला माणूस तो नाद सोडतो.

बदल फाइलीत नको, शेजारी

मूळ कोडला आपल्या ओएसची सवय लावू नका. मूळ ओएसची फंक्शनं आपल्याकडे उपलब्ध करून देणारा पातळ थर लिहा. त्याला शिम म्हणतात.

ओपनएसएसएचची रचना यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. ओपनबीएसडीतला मूळ कोड इतर सिस्टिमांची फिकीर न करता स्वच्छ लिहिला जातो. इतरांसाठीची पोर्टेबल आवृत्ती वेगळ्या रिपॉझिटरीत असते. तिथे ओपनबीएसडी-कम्पॅट या डिरेक्टरीत कमी असलेली फंक्शनं ठेवलेली असतात, आणि आवृत्तीच्या मागे पी आणि आकडा लागतो. अँड्रॉइडच्या बायोनिक लायब्ररीने आणखी कडक शिस्त पाळली आहे. अपस्ट्रीम-ओपनबीएसडी, अपस्ट्रीम-नेटबीएसडी आणि अपस्ट्रीम-फ्रीबीएसडी अशा तीन डिरेक्टऱ्या आहेत. त्यांतल्या फाइलींना हात लावायचा नाही. जुळवाजुळव करणारी हेडर फाइल कंपायलरच्या इन्क्लूड पर्यायाने बाहेरून लादली जाते.

यूजरलँडचा (कर्नलबाहेर चालणारा) बीएसडी प्रोग्रॅम लिनक्सवर आणत असाल तर शिम लिहायच्या आधी बीएसडींची फंक्शनं लिनक्सवर देणारी लिबबीएसडी ही लायब्ररी बघा. तिचा ओव्हरले प्रकार पीकेजी-कॉन्फिगमधून जोडला तर इन्क्लूडच्या ओळीसुद्धा बदलाव्या लागत नाहीत.

कर्नलमध्ये फ्रीबीएसडीचा लिनक्सकेपीआय हे काम करतो. तो लिनक्सची कर्नल फंक्शनं फ्रीबीएसडीच्या फंक्शनांवर बसवतो, आणि त्यावर लिनक्सचे ग्राफिक्स आणि वायफाय ड्रायव्हर फारशी मोडतोड न करता चालतात. शिमची किंमतही मोजावी लागते. लिनक्सचा कर्नलमधला इंटरफेस स्थिर नसतो, म्हणून मूळ ड्रायव्हर पुढे गेला की शिमही पुढे न्यावा लागतो. लहान, फारसा न बदलणारा ड्रायव्हर असेल तर शिम न करता सरळ रूपांतर केलेलं परवडतं.

कंपायलरला न दिसणाऱ्या चुका

बिल्ड झालं म्हणजे कोड आला असं धरू नका. खालच्या गोष्टी बिल्ड झाल्यावरच निघतात.

त्रुटीचं चिन्ह आधी तपासा. लिनक्स कर्नलमधली फंक्शनं त्रुटी ऋण संख्येत परत करतात, बीएसडींची धन संख्येत. लिनक्सच्या ड्रायव्हरमधली 'उत्तर शून्यापेक्षा लहान असेल तर थांब' ही अट बीएसडीच्या फंक्शनच्या उत्तरावर कधीच खरी ठरत नाही. त्रुटी गिळली जाते, ड्रायव्हर पुढे जातो आणि भलत्याच जागी पडतो. प्रत्येक शिम फंक्शनच्या सीमेवर चिन्ह बदला आणि आत कुठेही मिसळ होऊ देऊ नका. आकडेही वेगळे आहेत. लिनक्समध्ये 'पुन्हा प्रयत्न कर' ही त्रुटी ११ आणि 'डेडलॉक' ३५ आहे. बीएसडींत नेमकं उलटं: ११ म्हणजे डेडलॉक आणि ३५ म्हणजे पुन्हा प्रयत्न. कुठे नावाऐवजी आकडा लिहिलेला सापडला तर लगेच नाव घाला.

दुसरी जागा वेळेच्या एककाची. ओपनबीएसडीत सेकंदाला १०० टिक (कर्नलच्या घड्याळाचे ठोके) असतात, फ्रीबीएसडीत सर्वसाधारणपणे १०००. जुन्या ओपनबीएसडी ड्रायव्हरमध्ये टाइमआउट म्हणून नुसता १०० लिहिला असेल तर तिथे तो एक सेकंद होतो, फ्रीबीएसडीवर एक दशांश सेकंद. फर्मवेअर लोड व्हायला तेवढा वेळ पुरत नाही आणि कार्ड सुरूच होत नाही. यातली सर्वांत फसवी बाब अशी, की व्हर्च्युअल मशीनमध्ये चालताना फ्रीबीएसडी स्वतःच टिकांची संख्या १०० वर आणते. त्यामुळे व्हीएममध्ये सगळं ठीक दिसतं आणि खऱ्या मशीनवर फसतं. टिकांतला प्रत्येक आकडा मिलिसेकंद किंवा नॅनोसेकंदात बदलून घ्या.

मेमरी मागताना काय गृहीत धरलंय ते बघा. फ्रीबीएसडीत 'थांबायला तयार आहे' असं सांगून मागितलेली मेमरी मिळतेच, रिकामा पॉइंटर येत नाही. म्हणून तिथल्या कोडमध्ये त्यानंतर तपासणी नसते. तोच कोड लिनक्सवर नेला तर तपासणी घालावीच लागते, कारण तिथे थांबूनही नकार मिळू शकतो.

लॉकिंगवर सर्वांत जास्त वेळ जातो. ओपनबीएसडीचे पुष्कळ ड्रायव्हर अजून मोठ्या कर्नल लॉकवर आणि इंटरप्टची पातळी वाढवणाऱ्या फंक्शनांवर विसंबून असतात. अट तपासणं आणि झोपणं (थ्रेडने थांबून राहणं) या दोन कृतींमध्ये दुसरं कोणी घुसणार नाही, हे तिथे त्यामुळे आपोआप साधतं. फ्रीबीएसडीत तो आडोसा नसतो. नुसती झोप लावली तर मधल्या क्षणात आलेली जाग हुकते आणि थ्रेड टाइमआउट होईपर्यंत पडून राहतो. ड्रायव्हरला स्वतःचा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) द्या आणि झोपताना तो म्युटेक्स सोडून परत घेणारं फंक्शन वापरा. लिनक्सकडे नेताना उलटी काळजी घ्यावी लागते: फ्रीबीएसडीत इंटरप्टचं काम थ्रेडमध्ये चालत असल्याने तिथे साधा म्युटेक्स चालतो, लिनक्सच्या इंटरप्ट हँडलरमध्ये झोपू शकणारा म्युटेक्स चालत नाही, न झोपता वाट बघणारा स्पिनलॉकच हवा.

नेटवर्कच्या कोडमध्ये बीएसडींच्या पत्त्याच्या स्ट्रक्चरला लांबीचं वेगळं फील्ड असतं, लिनक्समध्ये ते नाही. लिनक्सकडून आलेला कोड ते भरत नाही, म्हणून स्ट्रक्चर आधी शून्याने भरून मग लांबी लिहा. आयपीव्ही६ चा फॅमिली क्रमांक लिनक्सवर १०, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीवर २४, फ्रीबीएसडीवर २८ आणि मॅकओएसवर ३० आहे. तो डिस्कवर किंवा नेटवर्कवरून तसाच पाठवणारा कोड दोन सिस्टिमांमध्ये चालणारच नाही. नाव सारखं आणि अर्थ वेगळा अशीही उदाहरणं आहेत. एकाच पोर्टवर अनेक सॉकेट बसवण्याचा रीयूजपोर्ट पर्याय लिनक्सवर येणारी कनेक्शनं सॉकेटांत वाटून देतो. फ्रीबीएसडीवर तसं वाटप हवं असेल तर एलबी जोडलेला वेगळा पर्याय आहे, तो १२.० मध्ये आला.

इंटरफेस उचलताना वागणुकीचे कानेकोपरे किती महत्त्वाचे असतात, हे स्ट्रएलकॉपीवरून कळतं. ओपनबीएसडी २.४ मध्ये १९९८ साली आलेलं हे फंक्शन बफरच्या बाहेर न लिहिता स्ट्रिंग कॉपी करतं आणि मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत करतं, म्हणजे किती कापलं गेलं ते कळतं. पण पूर्ण लांबी सांगायची तर मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचावी लागते. तिच्या अखेरीस शून्य बाइट नसेल तर वाचन हद्दीबाहेर जातं. यूजरलँडमध्ये हे बहुधा निभतं. कर्नलमध्ये कोणाच्याही हातून आलेल्या बफरवर मात्र तो धोका आहे. म्हणून लिनक्स कर्नलने स्ट्रएसकॉपी हे वेगळं फंक्शन काढलं. ते जेवढी जागा तेवढंच वाचतं आणि कापलं गेल्यास ऋण त्रुटी देतं. पुढे २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीत कर्नलमधून स्ट्रएलकॉपी पूर्ण काढून टाकलं. त्याच्या थोडं आधी, २०२३ मध्ये, जीलिबसीने २.३८ मध्ये तेच फंक्शन बऱ्याच वर्षांच्या नकारानंतर स्वीकारलं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर आहेत. आपण आणत असलेलं फंक्शन कुठल्या प्रकारच्या इनपुटसाठी होतं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

चाचणी

फ्रीबीएसडीवर विटनेस आणि इन्व्हेरियंट्स हे पर्याय चालू असलेला कर्नल बनवा. लॉकचा क्रम चुकला तर विटनेस लगेच ओरडतो. ओपनबीएसडीनेही विटनेस तिथूनच घेतला आहे, आणि फ्रीबीएसडीची कर्नल मेमरी तपासणारी केएसॅन सोय नेटबीएसडीतून आली. लिनक्सवर लॉकचा क्रम तपासणारा लॉकडेप आणि केएसॅन चालू करा. लिनक्स आणि तिन्ही बीएसडी अशा चारही कर्नलांवर सिझकॉलर हे फझिंगचं (वेडंवाकडं इनपुट देऊन दोष शोधण्याचं) साधन चालतं, नवा सिस्टिम कॉल किंवा आयओसीटीएल (ड्रायव्हरला आज्ञा देणारा कॉल) आणला असेल तर ते लावाच. ड्रायव्हरसाठी मॉड्यूल लोड-अनलोड, मशीनची झोप-जाग (सस्पेंड-रिझ्यूम) आणि भर ट्रॅफिकमध्ये इंटरफेस बंद करणं या तीन चाचण्या दोषांचा मोठा वाटा बाहेर काढतात. शेवटची फेरी खऱ्या हार्डवेअरवर करा, त्याचं कारण वर टिकांच्या बाबतीत दिसलंच आहे.

अपडेट आणि परतफेड

मूळची कुठली आवृत्ती धरायची ते त्या प्रकल्पाच्या वेळापत्रकावर ठरवा. ओपनबीएसडी साधारण दर सहा महिन्यांनी रिलीज देते, त्यामुळे एखाद्या रिलीजचा टॅग पकडणं सोयीचं. लिनक्सचा कोड घेताना दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्तीच घ्या. फ्रीबीएसडीच्या ग्राफिक्स पोर्टांच्या नावांतच ५१०, ५१५, ६१ असे लिनक्स आवृत्त्यांचे आकडे असतात, आणि ५.१०, ५.१५, ६.१ या तिन्ही दीर्घकालीन शाखा आहेत. त्या शाखेवर येणाऱ्या दुरुस्त्या आपल्यालाही तयार मिळतात.

आपला डिफ किती ओळींचा आहे ते दर अपडेटला मोजा. तो वाढत असेल तर त्यातले सर्वसाधारण बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवा. पाठवताना आपल्या ओएसचा उल्लेख असलेल्या अटी काढा. जो दोष त्यांच्याकडेही आहे त्याचाच छोटा पॅच, तो दोष कसा घडवता येतो या वर्णनासह द्या. 'आमच्याकडे बिल्ड होत नाही' यापेक्षा 'इथे मेमरी मोकळी केल्यावर पुन्हा वापरली जाते' हे कुठल्याही प्रकल्पात लवकर स्वीकारलं जातं.

हे न केल्यास काय होतं ते पीएफ फायरवॉलमध्ये दिसतं. ओपनबीएसडी ३.० मध्ये २००१ साली आलेला पीएफ फ्रीबीएसडीने घेतला, नंतर ओपनबीएसडी ४.५ पर्यंत आणला. ओपनबीएसडीने ४.७ मध्ये पत्ता बदलण्याच्या (नॅट) नियमांची लिहिण्याची पद्धत बदलली. फ्रीबीएसडीने १०.० मध्ये अनेक प्रोसेसरांवर चालण्यासाठी आतली रचना बदलली. तिथून पुढे सरसकट मर्ज शक्य राहिलं नाही, एकेक दुरुस्ती वेचून आणावी लागते. एकाच्या मॅन्युअलमधले नियम दुसऱ्यावर टाकले तर सिंटॅक्सची त्रुटी का येऊ शकते, त्याचं कारण हेच. दोन्ही बाजूंची कारणं सबळ होती, म्हणून याला कोणाचा हलगर्जीपणा म्हणणार नाही, पण असा फाटा फुटणार असेल तर तो जाहीर ठरवून फोडा. झेडएफएसमध्ये उलटं झालं. लिनक्सचं पोर्ट इतकं पुढे गेलं की फ्रीबीएसडीने २०२१ मध्ये १३.० साठी त्याच रिपॉझिटरीला मूळ मानलं. आता समाईक कोड एकत्र असतो आणि प्रत्येक ओएसचा खास भाग ओएस नावाच्या डिरेक्टरीखाली वेगळा. दोन बाजूंना सारखंच काम होत असेल तर ही रचना सर्वांत टिकाऊ.

आणलेला कोड काढून टाकण्याची सोयही पहिल्यापासून ठेवा. वायरगार्ड हे व्हीपीएन २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये आणि त्याच वर्षी ओपनबीएसडी ६.८ मध्ये आलं. फ्रीबीएसडी १३.० साठी तयार झालेला कोड दर्जाच्या शंकेमुळे रिलीजच्या तोंडावर, मार्च २०२१ मध्ये, काढावा लागला. नव्याने लिहिलेला कोड १३.२ मध्ये परत आला. ते मॉड्यूल वेगळं होतं, म्हणून बाकी नेटवर्क स्टॅकला धक्का न लावता बाहेर काढता आलं. आपल्या बिल्डमध्येही अशा कोडसाठी एकच स्विच ठेवा, कोअरमधल्या फाइलींत त्याच्यासाठी घातलेल्या ओळींची यादी व्हेंडर टॅगच्या संदेशात लिहा, आणि रिलीजच्या आधी एकदा तो स्विच बंद करून पूर्ण बिल्ड होतं का ते तपासा.